जेवणाची सुट्टी

दीपाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ताऱ्यांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी तिने महागावबाहेरच्या शेडमध्ये यंत्राचा पहिला नमुना वर्षानुवर्षं खपून उभा केला, आणि संस्थेचे मोठे साहेब फोनवर म्हणाले, "तुमच्या यंत्राचे आरसे थरथरताहेत. शेजारची जिनिंग थांबवा, नाहीतर प्रयोग गुंडाळा."

शेजारची जिनिंग कापसाच्या पडत्या काळात केव्हाच बंद पडली होती. तरी यंत्राच्या पडद्यावर दिवसभर तीच धडधड उमटायची आणि जेवणाच्या सुट्टीपुरती थांबायची.

"बंद पडलेली बंद कशी करायची, ते साहेबांनीच येऊन दाखवावं!" म्हणत ती जिनिंगचे जुने मुकादम रहमतचाचा यांना घेऊन तिथे गेली. त्यांनी कुलूप काढलं. आत सरकी काढणारे रेचे नव्हते, नुसते सिमेंटचे ओटे होते.

"मशिनी भंगारात गेल्या, माणसं देशोधडीले लागली," चाचा धुमसले. "आता अजून काय बंद करू, बेटी?"

तेवढ्यात शेडमधून तिचा मदतनीस संघदीप याचा फोन आला. "ताई, धडधड आत्ताच एकदम थांबली. जेवणाची वेळ तर झाली नाही अजून."

दीपाने ते सांगताच चाचांचं डोकं फिरलं. रिकाम्या ओट्यांकडे पाहून ते ओरडले, "काहून थांबले रे? मी सुट्टी देल्ली काय?"

दीपाच्या तळपायाखालची फरशी थरथरू लागली.