नक्की बुधवारी

“फोन खाली ठेवा,” साहेब म्हणाले.

तिनं ठेवला नाही. पलीकडे घंटी वाजत होती.

“गिऱ्हाइकाला खरं सांगायचं नसतं हो, धीर द्यायचा असतो. इतकी वर्षं इथे काढलीत, एवढंही कळत नाही?”

कळत होतं. ऑफिसची रीतच होती ती. शीतगृहं थंड ठेवणारा विषारी अमोनिया वायू गळला की भोंगा वाजवणारं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवायची. ग्राहकांचे फोन घेणं तिच्याकडे. नवी आवृत्ती कधी येणार, असं कुणीही विचारलं की तिनं एकच उत्तर द्यायचं: सोमवारी. कुठला सोमवार, हे मात्र सांगायचं नाही. चहाच्या वेळी यावर हसणंखिदळणंही व्हायचं. आपल्या आठवड्यात वार एकच, आणि तोही कधी उजाडत नाही!

शीतगृहाच्या काकांशी बोलताना तिला हसू यायचं नाही. ते तिथले सुपरवायझर. थंडी फार वाढली की त्यांच्याकडचा भोंगा मुका व्हायचा, आणि पडद्यावरचा दिवा मात्र खुशाल हिरवा. दोष सॉफ्टवेअरचा. तो काढून टाकणारी आवृत्ती अजून अर्धीही झाली नव्हती. तोवर काकांनी यंत्रघरात दोन माणसं बसवून ठेवली होती. त्यांना काम एकच, वास आला, घसा धरला, की बोंब ठोकायची.

काका कधी चिडायचे नाहीत. “सोमवारी का? बरं बरं,” म्हणायचे, आणि तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गेल्या आठवड्यात तर जीभच रेटेना. या भल्या माणसाला पुन्हा सोमवार कुठल्या तोंडानं सांगायचा? लाजेपोटी ती बोलून गेली, “बुधवारी, काका. सकाळी आम्हीच इथून बसवू, तुम्हाला काही करावं लागणार नाही. नक्की.”

तेवढ्यापुरतं तिला हलकं वाटलं होतं.

आज तो बुधवार उजाडला आणि दुपारही झाली. आवृत्तीचा पत्ता नव्हता. डबा तिनं उघडलासुद्धा नव्हता. आता जे व्हायचं ते होवो, नोकरी गेली तर गेली, पण काकांना खरं सांगून टाकायचं, असं ठरवून तिनं स्वतःच फोन लावला होता.

“बोल पोरी.” काकांचा आवाज नेहमीसारखाच खुशीत होता. मागे कुणीतरी खोकत होतं. गारठ्यात वावरणाऱ्यांना खोकला असायचाच.

“काका, मी खोटं बोलले. नवी आवृत्ती बसवलेली नाही. इतक्यात येणारही नाही. जुनीच चालू आहे, तिच्यावर विसंबू नका.”

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि ते निघून गेले. ती शिव्यांची वाट बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं तिला.

“अगं, पण दिवा तर हिरवा आहे,” काका म्हणाले.

“तो नेहमीच हिरवा असतो, काका.”

आता काकांचा आवाज पार बदलला होता.

“पोरी, तू सोमवार म्हणालीस की मी समजून जायचो, काही येत नाही. तुमचा सोमवार मला पाठ झाला होता. त्या दोघांना कधी जागचं हलू दिलं नाही मी. पण या वेळी तू बुधवार म्हणालीस. वाटलं, पोरगी पहिल्यांदाच खरं बोलतेय. आज सकाळीच उठवलं गं दोघांना तिथून.”

मागचा खोकला आता एकट्याचा राहिला नव्हता.