आतला वाटाड्या

प्रत्येकाच्या हृदयात ईश्वर बसलेला असतो आणि योग्य वाट तोच दाखवतो, हे वामनरावांना पोथीच्या चौथ्या पारायणात उमगलं. म्हणून रविवारी सकाळी अनिमेषसाठी मुलगी बघायला यवतमाळहून वणीला निघताना त्यांनी मोबाइलमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईला बंद केलं.

“आता कोणी बोलायचं नाही. मले आतून ऐकू येऊन राह्यलं.”

“माझं तं कधी ऐकलंच नाही, आता तिचंही नाही,” मंजुषाताई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

पहिल्याच चौकात वामनरावांनी गाडी थांबवून क्षणभर डोळे मिटले, आणि उजवीकडे वळवली.

“बाबा, वणी तिकडं राह्यली ना!” अनिमेष म्हणाला. त्याला पस्तिसावं लागलं होतं, आणि पत्रिका न मागणारं हे पहिलंच स्थळ होतं.

“शंका काढली का आवाज बंद होते. चूप बस.”

पुढची सगळी वळणं वामनरावांनी विचारही न करता घेतली. खड्डेसुद्धा आपोआप चुकले. शेवटी गाडी एका फाटकासमोर, कडुनिंबाच्या सावलीत, अगदी बेतानं जाऊन उभी राहिली. वामनरावांच्या चेहऱ्यावर अपार शांती होती.

“पाहा, एकदा तरी रस्ता विचारावा लागला का?”

“कायले लागते? रोज इथंच तं येता,” मंजुषाताई म्हणाल्या. “लोहाऱ्याचं तुमचं ऑफिस आहे हे.”

अनिमेषचा फोन वाजला. कुठपर्यंत पोचलात, असं वणीहून मुलीचे वडील विचारत होते.

रविवार असल्यामुळे फाटक बंद होतं.