पिल्लाची शीळ

खार्किवमधून पळून येताना मेलान्याने कॉकाटील पक्ष्यांची जोडी तेवढी छातीशी धरून आणली. पोलंडात पोचल्यापासून नर कुणासमोर गायला नाही, आणि मादी स्वतःचीच पिसं उपटत बसायची.

"अगं, यांचा संसार मांडून दे, सावरतील," शेजारचे झेनोनकाका म्हणाले. त्यांनी घरट्यासाठी लाकडी पेटी ठोकून दिली, आत भुसा पसरला. "उकडलेलं अंडं खायला घाल, संध्याकाळी दिवा जरा जास्त वेळ ठेव. आणि दाणापाणी ठेवलं की खोलीबाहेर निघायचं! नव्या जोडप्याला एकांत लागतो, बाई."

बंद दाराआड वसंतात अंडी झाली, त्यातून पिल्लं निघाली. कितीतरी दिवसांनी मेलान्या हसली. सगळ्यात धीट पिल्लू तिने काकांनाच दिलं.

उन्हाळ्यात काकांनी तिला चहाला बोलावलं. "ऐक, गायला लागलंय लेकाचं!"

पिल्लाने गळा फुगवला. सूर खालून हळूहळू चढला, वर लांबत राहिला, मग तसाच उतरला. काका कौतुकाने वळून बघतात तर मेलान्या टेबलाखाली, दोन्ही कान दाबून.

"पोरी, अगं पक्षी आहे तो!"

"कळतंय हो, काका. पण अंगाला कळत नाही."



इथे जन्मलेल्या त्या पिल्लाने विमानहल्ल्याचा भोंगा कधी ऐकलाच नव्हता. तो त्याला बापाने घरट्यात शिकवला होता.