आगाऊ सूचना

“घरमालकीण आगाऊ कळवल्याशिवाय घरात शिरणार नाही, असं भाडेकरारात लिहून घे,” वकील भावानं बजावलं होतं. तिनं हसण्यावारी नेलं. पण खाली राहणाऱ्या मालकीणमावशी आपल्याच किल्लीनं दार उघडून नळ तपासायला येऊ लागल्यावर तिनं कायदा दाखवला. मावशी फुगल्या, आदल्या दिवशी दाराखालून चिठ्ठी सरकवू लागल्या. एकदा ती गॅलरीत कपडे वाळत घालत असताना चिमुरड्या लेकीनं गॅलरीच्या दाराला आतून कडी लावली. गॅसवर दूध होतं. ती कठड्यावरून ओरडली, “मावशी, धावा!” त्या खालून ओरडल्या, “अगं, चिठ्ठी टाकू की तशीच येऊ?” रडता रडता तिला हसू फुटलं. मावशी आपल्या किल्लीनं आत आल्या, गॅस बंद झाला, लेक मावशींच्या कडेवर खिदळू लागली. आता एकट्या राहणाऱ्या मावशींच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. रोज सकाळी ती डोकावते. तुमच्या शेजारी कोण एकटं राहतं? आज बघून या.