सहाच्या आत

सकाळपासून कॉम्प्युटर चौथ्यांदा बंद पडला, तेव्हा दानिशने हातातला पेचकस टेबलावर टाकला. शिवी ओठांवर आली होती, पण शेजारी वर्षाराणी उभी होती, म्हणून त्याने ती गिळली. बाहेर हरभऱ्यात कुत्रं केकाटत होतं. आज त्याचंही डोकं ठिकाणावर नसावं.

मशीन त्याच्याच हातची. मंगरूळपीरच्या दुकानात बसून, एकेक सुटा भाग जोडून पंधरा दिवसांपूर्वी त्याने ती उभी केली आणि अनसिंगजवळच्या या शेतातल्या घरात आणून लावली. तेव्हापासून हा पाचवा हेलपाटा. रॅम काढून पुन्हा बसवली, पॉवर सप्लाय नवा टाकला, वायरी बदलल्या. आज तर दुकानातला चांगला चालणारा दुसरा कॉम्प्युटरच आणून लावून पाहिला. तोही बंद पडला. आता काय स्वतःचं काळीज काढून बसवू?

दरवेळी तेच. ओसरीत मीटरखालच्या पेटीतला खटका आपोआप खाली पडलेला. तो खटका दानिशनेच लावला होता. घर जुनं, भिंतींना ओल, अर्थिंगचा पत्ता नाही; कॉम्प्युटरच्या लाईनवर कुठेही करंट उतरला, कुणाला धक्का बसला, की लाईन तुटावी, एवढंच त्याचं काम. खटका वर केला की पुन्हा सगळं सुरळीत, कधी तासभर, कधी दिवसभर.

वर्षाराणीला हे परवडणारं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीचं टायपिंगचं काम तिला घरबसल्या मिळालं होतं, रोज संध्याकाळी सहा ते दहा. कामाच्या मध्येच ती तीनदा गायब झाली होती. तिथल्या मॅडमनी काल गोडीत सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर दुसरी मुलगी घेऊ. आणि काम गेलं की वडील मानोऱ्याच्या पाहुण्यांना तिला बघायला बोलावणार, हे ठरलेलंच होतं. पोरीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"दानिशभाऊ, सहाच्या आत होईल ना?"

"होईल," तो म्हणाला. कशाच्या जोरावर म्हणाला, त्याचं त्यालाच माहीत.

तिचे वडील पंजाबराव ओसरीतच, बरोबर मीटरखाली बाज टाकून बसले होते. कॉम्प्युटर बंद पडला की कुणी सांगायच्या आत ते उठत आणि खटका वर करत. ही घाई दानिशच्या डोळ्यांत यायला लागली. सकाळी त्याने विचारलं होतं, या लाईनवर दुसरं काही जोडलंय का. पंजाबराव नाही म्हणाले, पण त्याच्याकडे न पाहता. याच लाईनवरचा मागचा बोर्ड तपासायला तो टेबलाशेजारचं लोखंडी कपाट सरकवू लागला, तर त्यांनी हात धरला. कपाट भरलेलं आहे, हलत नाही, म्हणे. हलवून पाहिलंय कुणी?

दुपारी जेवताना खिडकीतून त्याला शेताच्या कडेने ताणलेली तार दिसली. रानडुकरांचा त्रास या भागात सगळ्यांनाच.

"झटका मशीन घेतली काय, काका?"

"हो. बॅटरीवरची," पंजाबराव म्हणाले आणि भाकरीकडे वळले.

वर्षाराणी हसली. बकरी आणताना तिला त्या तारेचा दोनदा झटका बसला होता. "काही होत नाई," ती म्हणाली. "हात झिणझिणते अन् सुटते."

चार वाजता पंजाबराव दूध घालायला गावात गेले. दानिश त्यांच्या रिकाम्या बाजेवर टेकला आणि त्याने वर पाहिलं. नुसता हात उचलला की पेटी हाताशी येत होती. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मशीनला काही रोग नव्हताच. पोरीचं काम सुटावं, पाहुणे यावेत, म्हणून बापच खटका पाडत होता आणि वर शहाजोगपणे उचलतही होता. दानिशला संताप आला. बहिणीची, यास्मीनची, शाळा घरच्यांनी अशीच गोडीगुलाबीने सोडवली होती. तेव्हा तो लहान होता, गप्प बसला. आज बसणार नव्हता.

त्याने मेन बंद केला, खटका काढून पिशवीत टाकला आणि लाईन सरळ जोडून दिली. पेटीचं झाकण होतं तसं लावलं. वर्षाराणीला एवढंच म्हणाला, आता बंद पडायची नाही.

आणि खरंच पडली नाही. पाच वाजले, साडेपाच झाले. पंजाबराव परतले, बाजेवर बसले. मशीन चालूच. वर्षाराणीचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला. पावणेसहाला ती म्हणाली, बकरी बांधून येते, मग बसते कामाला, आणि पळतच बाहेर गेली.

थोड्या वेळाने शेतात कुणीतरी ओरडल्यासारखं झालं, अर्धवटच. दानिशने सवयीने आधी पडद्याकडे पाहिलं. चालू. तो समाधानाने ओसरीत आला. पंजाबराव पेटीचं झाकण उघडून उभे होते.

"खटका कुठं हाय?"

"काढला म्या. आता तुमी नाई पाडू शकत, काका."

पंजाबराव त्याला ढकलून आत धावले. लोखंडी कपाट त्यांनी एका हिसक्यात बाजूला केलं. ते रिकामंच होतं. मागच्या बोर्डातून एक काळी वायर निघून खिडकीच्या फटीतून शेतात गेली होती. ती त्यांनी उपटली आणि "वर्षे, वर्षे" अशा हाका मारत तसेच बाहेर पळाले.

बकरी एकटीच दारात येऊन उभी होती. दावं मागे लोंबत होतं.

दानिशने वळून पाहिलं. सहा वाजले होते. कॉम्प्युटर चालूच होता.