काशीला आधार नाय

माझी नात दर्शना कॉलेजात आमच्या मुरबाडच्या जुन्या गोष्टींवर प्रबंध लिहिते. तिच्या सरांचा नियम असा, की गोष्टीपुढं कंसात पुस्तकवाल्याचं नाव नि साल पायजे, नायतर गोष्ट बाद.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. धसईच्या बाजारात एकदा वाघ भेंडी घ्यायला आला नि भावावरून भांडला, ही माझी थाप. माझी धाकटी बहीण काशी काळू नदीच्या पुरात वाहून गेली, ही खरी. पोरीचा फोटो नाय, दाखला नाय. म्हटलं, प्रबंधात तरी तिचं नाव राहूदे.

काल दर्शना सरांकडून आली.

"आजी, वाघ पास झाला गो! छापील पुस्तकात सापडला."

सापडणारच. माझे केस काळे होते तेव्हा एक प्राध्यापक आलेला, त्याला ती थाप मीच मारलेली.

"नि काशी?"

दर्शनानं मान खाली घातली. "सर म्हणतात, तिला कुठं आधार नाय. काढून टाक."


प्राध्यापकाला थाप मारली तेव्हाच काशीला त्या वाघाच्या पाठीवर बसवायला पायजे होती.