पन्नास मिनिटं

आमचे हे बंदरात मोठी जहाजं भरतीच्या पाण्यावर आत आणतात, त्यामुळे त्यांची घरी यायची वेळ रोज पुढे सरकते.

“वहिनी, भावजींवर जरा लक्ष ठेवा हं,” शेजारीण म्हणाली.

“अहो, चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. त्याच्यामागे भरती, भरतीमागे जहाजं आणि जहाजांमागे आमचे हे! सवत असलीच, तर ती भरती!”

मी हसले खरी, पण तिचा नवरा सातच्या ठोक्याला दारात दिसला की माझ्या पोटात दुखायचं.

गेला आठवडाभर आमचे हेसुद्धा रोज सातच्या ठोक्याला घरी येताहेत; काम मात्र तेच, जहाजांचंच, असं म्हणतात. “झालं ना मनासारखं?” शेजारणीने विचारलं.



मी रोज गच्चीवर जाऊन घड्याळ लावून बघतेय. चंद्र अजूनही पन्नास मिनिटं उशिरानेच उगवतोय.